कापसाचा बोळा आणि पोलादी दोर

सांगतोच, कारण हे कळल्यापासून कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. विहिरीवरच्या क्रेनचा, कारखान्यातल्या हॉइस्टचा तो काळा, तेलकट पोलादी दोर तुम्ही शंभरदा पाहिला असेल. मीही पाहिला होता. तो एक दिवस ‘फट्’ करून तुटतो आणि तुटला की संपलं, एवढंच मला ठाऊक होतं. पण तो तसा तुटत नाही! त्याच्यावर भलतंच ओझं लादलं तर गोष्ट वेगळी. एरवी तुटण्याच्या कितीतरी आधीपासून तो अंगावर खुणा उमटवत असतो. एकेक तार सोडत असतो, बारीक होत असतो, गंजाची लाल भुकटी बाहेर टाकत असतो. या खुणा वाचायला मोठी यंत्रं लागत नाहीत. स्वच्छ डोळे, एक व्हर्निअर, एक खडू आणि आपल्या वऱ्हाडात कुठंही मिळणारा कापसाचा बोळा, एवढ्यावर निम्म्याहून अधिक काम होतं.

हे मला वरूडकडं मामांच्या संत्र्याच्या बागेत कळलं. त्या पट्ट्यात पाणी किती खोल गेलंय हे तिकडच्या माणसाला सांगायला नको. उन्हाळा आला की मृगाच्या आधी विहीर खोल करण्याची घाई सुरू होते. मामांच्या विहिरीवरही क्रेन लागली होती. काठावर रोवलेला लोखंडी सांगाडा, डिझेल इंजिन, ड्रम, बाहेर काढलेल्या बूमच्या टोकाला पुली, तिच्यावरून खाली सोडलेला दोर आणि दोराच्या टोकाला दगड भरायचा डबा. सुरुंगाने फोडलेला काळा दगड वर येत होता आणि त्याच डब्यात उभं राहून माणसं खाली जात होती.

दुपारी जेवणाच्या वेळी इंजिन बंद झालं. सगळे सावलीला गेले, पण क्रेनवाले काकाजी गेले नाहीत. त्यांनी चामड्याचा हातमोजा घातला, सरकीपासून मोकळा केलेला कापूस मूठभर घेतला, दोराभोवती सैल धरला आणि थांबलेल्या दोरावरून सावकाश, हात हात पुढं नेला. थोडं पुढं जाऊन ते थांबले. कापसाचा एक पांढरा तंतू दोराला चिकटून वाऱ्यावर हलत होता. त्यांनी तिथं खडूची खूण केली. मी बोट लावायला गेलो तर ओरडलेच.

“नंगा हात नको लावू भाऊ, रक्त काढते ते! तार तुटेल हाये तिथं.”

मी डोळे फाडून पाहिलं तरी मला काहीच दिसेना. ग्रीस, धूळ आणि मुरमाचा थर. मग त्यांनी फडक्याने ती जागा पुसली, आणि दिसली! केसासारखी उभी राहिलेली, जेमतेम दोन मिलिमीटरची पोलादाची अणी. जी डोळ्यांना सापडत नव्हती ती कापसाने पकडून दिली होती. थोड्या अंतरावर आणखी एक तंतू अडकला, मग बरंच अंतर काही नाही, मग पुन्हा एक.

“म्हणजे तीन तारा तुटल्या. आता हा दोर बाद?” मी विचारलं.

“असं नाही ना. किती तुटल्या ते मंग पाह्यू. पह्यले कुठं तुटल्या ते पाह्य.”

या ‘कुठं’मध्ये सगळी विद्या आहे. हे ऐकल्यावर मला झोप लागेना. मी त्यांच्याकडून मागच्या साली काढून टाकलेल्या दोराचा वीतभर तुकडा मागून घेतला, घरी वर्तमानपत्र अंथरलं आणि पक्कड घेऊन तो उलगडायला बसलो. बारा मिलिमीटर जाडीचा दोर. तो पिळला आहे सहा पेडांचा. प्रत्येक पेड पुन्हा १९ तारांचा. मधे एक, तिच्याभोवती नऊ बारीक, त्यांच्यावर नऊ जाड. सहा गुणिले १९ म्हणजे ११४ तारा! आपण एक दोर म्हणतो, पण आत ११४ जणी एकमेकींना धरून उभ्या आहेत. आणि त्या सहा पेडांच्या मधोमध काय असावं? वाखाची सुतळी. अशा दोरांत हा गाभा बहुतेक घायपाताच्या वाखाचा असतो, तेलात मुरवलेला. आपल्या बांधाबांधावर उगवणारं घायपात, त्याच्या जातभाईच्या अंगचा वाख, पोलादाच्या पोटात बसून सहा पेडांना आतून आधार देतो आणि दोर वाकला की तेल सोडतो. माझ्या तुकड्यातला गाभा मात्र कोरडा ठक्क झाला होता. बोटांनी चुरला तर भुसा पडला. बाहेरून तेलाने चमकणाऱ्या त्या दोराच्या आतल्या अंगाला, जिथं पेड एकमेकांवर घासतात तिथं, विटेसारखी लाल भुकटी साचली होती.

बाहेरच्या जाड तारा साधारण एक मिलिमीटरच्या होत्या. मी हिशेब केला. दोराच्या पोलादाची ताकद सहसा दर चौरस मिलिमीटरला १७७० न्यूटन धरतात. म्हणजे ही सुईएवढी एक तार एकटीच्या जिवावर सव्वाशे किलोहून जास्त वजन पेलते. एक मोठा माणूस, आणि वर अर्धा! घराच्या स्लॅबमध्ये घालतो त्या सळीच्या पोलादापेक्षा हे तिपटीहून बळकट. भरपूर कार्बनचं पोलाद तापवून, ठराविक तऱ्हेने थंड करून, मग साच्यांच्या एकाहून एक बारीक भोकांतून थंडच ओढत नेलं की त्यात हे बळ येतं. मोबदल्यात ते थोडं हट्टी होतं. पुन्हा पुन्हा वाकवलेलं त्याला सोसत नाही.

आणि क्रेनवरच्या दोराचं आयुष्य म्हणजे दुसरं आहे काय? पुलीवर चढला की वाकला, उतरला की सरळ. वाकताना बाहेरच्या बाजूच्या तारा ताणतात, आतल्या बाजूच्या दबतात आणि सगळ्या एकमेकींवरून किंचित सरकतात. दर खेपेला! म्हणून जाणकार दोराला यंत्रच मानतात. हलणारे ११४ भाग असलेलं, तेलपाणी मागणारं, झिजणारं यंत्र. हे कळलं त्या दिवसापासून मी क्रेनकडं पाहतो तेव्हा इंजिन मला दुय्यम वाटतं.

आता त्या ‘कुठं’कडं येतो. दोर तपासणारा माणूस तुटलेल्या तारा अख्ख्या दोरात मिळून मोजत नाही. तो एका फेऱ्यात मोजतो. एक पेड दोराभोवती पूर्ण वळसा घेऊन पुन्हा वर येईपर्यंतची लांबी म्हणजे एक फेरा. सहा पेडांच्या दोरात ती जाडीच्या सहा-सात पट असते, म्हणजे आपल्या बारा मिलिमीटरच्या दोरात सात-आठ सेंटीमीटर. काकाजींनी ती मोजायची युक्ती दाखवली. दोरावर वहीचा कागद दाबून धरायचा आणि वरून पेन्सिल आडवी घासायची. कागदावर पेडांचे माथे काळ्या ठशांत उमटतात. सहा ठसे मोजा, फेरा मिळाला.

पण फेऱ्यातच का? दहा तारा दहा ठिकाणी तुटल्या काय किंवा एकाच ठिकाणी तुटल्या काय, तुटल्या त्या तुटल्याच ना? याचं उत्तर मला मिळालं तेव्हा मी अक्षरशः उठून उभा राहिलो, कारण ते उत्तर वऱ्हाडातल्या कोणत्याही माणसाच्या हाताशी आहे. कापसाचा धागा आठवा. त्यातला एकेक तंतू अठ्ठावीस-तीस मिलिमीटरचा. बोटाच्या पेराएवढा! तरी सूत कितीही लांब निघतं आणि ओढलं तर तुटत नाही, कारण पीळ आहे. पिळामुळे तंतू एकमेकांना दाबतात आणि दाबामुळे निसटत नाहीत. दोरातली तार तुटली की तिथं नेमकं हेच होतं. त्या जागी ती निकामी झाली, पण तिला आजूबाजूच्यांनी पिळात आवळून धरलेलं आहे. थोडं पुढं, दोन-तीन फेऱ्यांनंतर, ती पुन्हा आपल्या वाट्याचं ओझं उचलू लागते. मधे तुटलेली असूनही! म्हणून शंभर मीटरमध्ये विखरून तुटलेल्या तारांची बेरीज होत नाही आणि एका फेऱ्यात तुटलेल्यांची होते. एकाच जागी चार-सहा तुटल्या की तिथं उरलेल्यांवर भार वाढतो, त्या आणखी लवकर थकतात आणि मग तुटण्याचा वेग चढत जातो. पहिली तार तुटायला महिने लागतात. शेवटच्या तारांना तेवढी सवड मिळत नाही.

किती तुटल्या म्हणजे दोर उतरवायचा, याचे तक्ते आहेत. क्रेनच्या दोरांसाठी आयएसओ ४३०९ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि आपल्या भारतीय मानकांतही दोराची निवड, बसवणी आणि देखभाल यांसाठी आयएस ३९७३ आहे. आकडे दोराच्या बनावटीप्रमाणे बदलतात. अमेरिकेतल्या फिरत्या क्रेनच्या नियमात साधा हिशेब आहे: एका फेऱ्यात मिळून सहा तारा तुटल्या, किंवा एका फेऱ्यात एकाच पेडातल्या तीन तुटल्या, की दोर खाली. तीन! ११४ पैकी तीन, पण एकाच पेडातल्या आणि एकाच फेऱ्यातल्या. काकाजींच्या खडूच्या तीन खुणा लांब लांब होत्या, म्हणून दोर राहिला. मात्र त्या खुणांची नोंद त्यांच्या खिशातल्या वहीत झाली. पुढच्या वेळी त्याच जागी चौथी दिसली का, हे पाहायला.

ज्या माणसाने असा तारेचा दोर पहिल्यांदा जुळवून आणला त्याच्याबद्दल वाचून तर मी भारावून गेलो. जर्मनीतल्या हार्झ डोंगरात क्लाउस्टाल इथं चांदी-शिशाच्या खाणी होत्या. तिथले खाण अधिकारी विल्हेल्म आल्बर्ट. खाणीतून माल वर काढायला तेव्हा तागासारख्या वाखाचे दोर नाहीतर लोखंडी साखळ्या वापरत. दोर ओलीत कुजत, साखळ्या तुटत. साखळीचं दुखणं असं की तिची एक कडी गेली की सगळं गेलं, आणि कडी आतून कधी थकली हे बाहेरून कळत नाही. आल्बर्ट यांनी साखळी पुन्हा पुन्हा ओझ्याखाली घेऊन ती कशी थकते याचे प्रयोग केले आणि १८३४ मध्ये हाताने पिळलेला तारेचा दोर कॅरोलिन खाणीत उतरवला. तीन पेड, प्रत्येकात चार तारा, गाभा नाही. फक्त बारा तारा! त्यांतली एक तुटली तर उरलेल्या अकरा धरून ठेवतात आणि माणसाला वेळ मिळतो. हा वेळ त्या शोधाचं सोनं आहे. तारेची ताकद नंतर कितीतरी वाढली, पेड वाढले, तारा वाढल्या, पण दोर आजही माणसाला देतो ती सवलत १८३४ चीच आहे.

तुटलेल्या तारेचं टोक भिंगाखाली पाहा. प्रत्येक टोक कशाने मेलं ते सांगतं. माझ्या तुकड्यातली टोकं मी मुलाच्या खेळण्यातल्या भिंगाने पाहिली आणि मला संध्याकाळ पुरली नाही. बरीचशी टोकं सपाट, चौकोनी कापल्यासारखी, कुठंही बारीक न झालेली. ही वाकून वाकून थकलेली तार. पुलीचा व्यास लहान असला की अशी टोकं लवकर दिसतात. ओझ्याने ओढून तुटलेली तार वेगळी, तिची मान आधी बारीक होते आणि एका टोकाला खड्डा, दुसऱ्या टोकाला निमुळता सुळका राहतो. अशी टोकं दिसली तर कोणीतरी क्षमतेबाहेर ओझं उचललंय, मग ते नाही म्हणोत की हो म्हणोत. घासून मेलेल्या तारेची एक बाजू पटाशीच्या पात्यासारखी पातळ होते. गंजाने मेलेल्या तारेच्या अंगावर देवीचे व्रण असतात. एका टोकाला निळसर जांभळी झाक दिसली तर तिथं उष्णता लागली आहे: कोरड्या पुलीवर घासली असेल, विजेचा झटका बसला असेल किंवा वेल्डिंगची ठिणगी पडली असेल. अशी तार काचेसारखी ठिसूळ होते. शेडमध्ये वेल्डिंग करताना अर्थिंगची वायर क्रेनच्या हुकाला अडकवून देणारे मी आता ओळखतो. त्या दोरातून करंट जातो, आणि तारा जिथं एकमेकींना टेकतात तिथं आत बारीक भाजतात.

आणि मग खाच. पेडाचा वरचा, पुलीला टेकणारा भाग म्हणजे माथा. दोन पेडांच्या मधली घळ म्हणजे खाच. काकाजींचं म्हणणं असं:

“माथ्यावर तुटली तं दोराचं वय झालं म्हणाव. खाचेत तुटली तं अंदर बिमारी हाये, लगेच उतरवा.”

मानकंही शब्द बदलून हेच म्हणतात. एका फेऱ्यात खाचेतल्या दोन तारा तुटलेल्या सापडल्या तरी दोर बाद. कारण खाचेतली तार पुलीला घासतच नाही. ती तुटते शेजारच्या पेडाने चेपल्यामुळे. म्हणजे मधला गाभा सुकून बसला आणि पेड एकमेकांवर आदळू लागले. किंवा पुलीची खोबण झिजून अरुंद झाली आणि दोराला दोन्हीकडून चिमटा बसतोय. बाहेर एक दिसते तेव्हा आत न दिसणाऱ्या आणखी असतात. खाच पाहायची तर थांबलेल्या, सैल दोराला हलकेच वाकवून पाहायची. तुटलेली तार तेव्हाच तोंड वर काढते.

गाभ्याची तब्येत व्हर्निअर सांगतो. पण तो लावायचा कसा, हे कोणी दाखवल्याशिवाय कळत नाही. जबडे समोरासमोरच्या दोन माथ्यांवर टेकले पाहिजेत, म्हणजे दोराची सर्वांत मोठी जाडी. सपाट बाजूवर टेकवले की माप कमी येतं आणि उगाच घाबरायला होतं. नवा दोर सहसा नावाच्या जाडीपेक्षा थोडा जाडच येतो आणि पहिल्या ओझ्यांनी बसतो, म्हणून बसल्यानंतरचं माप वहीत लिहून ठेवायचं. पुढं नेहमी त्याच्याशी तुलना. सगळीकडं सारखी जाडी हळूहळू कमी होणं ही झीज आहे, आणि तिची मर्यादा दोराच्या जातीनुसार पाच ते दहा टक्क्यांच्या दरम्यान कुठंतरी असते. पण एकाच जागी दोर एकदम बारीक झालेला दिसला तर टक्केवारीचा विचार करत बसू नये. तिथं गाभा मेलेला आहे. आणि एकाच जागी फुगलेला दिसला तर आत गंज साचून पेडांना बाहेर ढकलतोय किंवा गाभाच वर येतोय.

काही खुणांना मोजमाप लागत नाही. ओझं झटक्याने सुटलं की पेड फुलून पिंजऱ्यासारखे उघडे पडतात, तो दोर गेला. गुंडाळीतून दोर उलटा ओढून काढला की आढी पडते. ती ओढून सरळ केली तरी तिथला पीळ कायमचा मोडलेला असतो, हातोडीने ठोकून बसवलेली आढी तर सर्वांत फसवी. सुरुंगाचा दगड लागून चेपलेला भागही तसाच.

पाहायचं कुठं, यातही हुशारी आहे, कारण दोर सगळीकडं सारखा थकत नाही. दर खेपेला ओझं जमिनीवरून उचलताना दोराचा जो भाग पुलीवर असतो, त्याच भागाला दरवेळी झटका बसतो. विहिरीची खोली ठरलेली, डबा तळाला टेकलेला, म्हणजे तो भाग आधीच ओळखता येतो! ड्रमवर दोराचा एक थर संपून दुसरा चढतो तिथंही दोर दोरावर चिरडतो. तिसरी जागा टोकाची, जिथं दोर हुकाला बांधलाय. तिथं यू आकाराच्या क्लिपा असतात. क्लिपेची जाड, खाचेची बैठक नेहमी ओझं पेलणाऱ्या लांब दोरावर आली पाहिजे आणि यू आकाराचा गोल बोल्ट दुमडून आलेल्या आखूड टोकावर. उलटं बसवलं की गोल बोल्ट ओझ्याच्या दोरालाच चेपतो. बारा मिलिमीटरच्या दोराला किमान तीन क्लिपा, दोन क्लिपांत दोराच्या जाडीच्या साधारण सहापट अंतर, आणि पहिलं ओझं उचलून झाल्यावर नट पुन्हा आवळायचे, कारण ओझ्याखाली दोर बारीक होतो. हे वाचल्यावर मी अकोल्याच्या एमआयडीसीत मित्राच्या वर्कशॉपमध्ये गेलो तेव्हा आधी चहा न घेता क्लिपाच पाहिल्या. त्याच्याकडच्या बरोबर होत्या. तिथं दुसरी गोष्ट शिकलो: ओझ्याभोवती घालायची स्लिंग जाड दोराची असली तरी तिला धारदार कोपऱ्यावरून किंवा स्वतःच्या जाडीएवढ्या पिनेवरून वळवलं की तिची ताकद जवळपास निम्म्यावर येते. म्हणून त्यांचे कामगार मशीनच्या कोपऱ्यावर लाकडाचे ठोकळे ठेवतात.

वऱ्हाडाचा विचार केला तर मला सर्वांत काळजी वाटते ती पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्याची. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर, बाळापूर या भागांत विहिरीला लागतं ते पाणीच खारं. मिठातले क्लोराइड पोलादाला खोल, टोकदार खड्डे पाडतात आणि थकव्याची भेग नेमकी खड्ड्यातून सुरू होते. वरूडच्या बेसॉल्टात चालणारा दोर घासून आणि चेपून म्हातारा होईल, दर्यापूरच्या गाळात चालणारा आतून सडेल. दोन्हीकडं एकच क्रेन फिरत असेल तर तिचा दोर दोन्ही दुखणी घेऊन फिरतो. खाऱ्या विहिरीवरून निघताना दोर गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, मग तेल द्यायला हवं. तेल म्हणजे इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल नव्हे! त्यात आम्ल आणि धातूचा चुरा असतो, तो आत जाऊन तारा खातो. आणि वरून थापलेलं जाड ग्रीससुद्धा आत पोचत नाही, उलट काळ्या दगडाची भुकटी धरून ठेवतं, तुटक्या तारा झाकतं आणि पुलीवर पॉलिश पेपरसारखं काम करतं. दोराचं तेल पातळ हवं, पिळात झिरपणारं, ब्रशने आधी जुनी घाण काढून मग लावलेलं.

न हलणारा दोरही गंजतो, आणि जास्त फसवतो. मोर्शीजवळ सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरणाचे तेरा दरवाजे उघडले की आपण सगळे पाणी पाहायला धावतो. राज्यातल्या धरणांची वक्रद्वारं सहसा ड्रमवर गुंडाळलेल्या पोलादी दोरांनीच उचलली जातात. हे दोर वर्षातले कितीतरी महिने एकाच जागी, ताणात, खालचं टोक ओलीत ठेवून उभे असतात. घासत नाहीत, वाकत नाहीत, म्हणून चकचकीत दिसू शकतात. रोग खालच्या टोकाला, दाराला जोडलेल्या जागी शोधायचा. पुढच्या पावसाळ्यात मी सिंभोऱ्याला जाईन तेव्हा पाण्याच्या आधी माझी नजर तिकडं जाणार आहे.

कारखान्यांसाठी नियम फार पूर्वीच झाला. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २९ व्या कलमाने उचलण्याची यंत्रं, साखळ्या, दोर यांची वर्षातून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी आणि तिची नोंद बंधनकारक केली. शेतातली विहीर कारखान्यात मोडत नाही. तिथं तपासणारा म्हणजे काकाजींसारखा माणूस, असला तर. आणि डब्यातून माणूस खाली जातो! माल उचलताना दोराची ताकद ओझ्याच्या पाचपट धरतात, माणसं नेणाऱ्या दोरासाठी साधारण दहापट. बारा मिलिमीटरचा असा नवा दोर सुमारे साडेआठ टनांवर तुटतो. म्हणजे मालाला सतराशे किलोपर्यंत आणि माणसं असतील तर साडेआठशे किलोच्या आतच थांबायचं, तेही दोर धडधाकट असेल तर. क्रेनचा दोर तुटून मजूर विहिरीत गेल्याच्या बातम्या आपण उन्हाळ्यात वाचतो. पोळ्याला आपण बैलाची वेसण, कासरा, मोरखी सगळं नवं आणतो, जुनं चांगलं दिसलं तरी. ज्या दोरावर आपलीच माणसं लटकतात, त्याच्यावरून दर सकाळी मूठभर कापूस फिरवायला किती वेळ लागतो? दहा मिनिटं. इंजिन बंद, हातात मोजा. विहीर ज्याची आहे त्याने क्रेनवाल्याला बिनधास्त विचारावं: भाऊ, दोर कधी बदलला, वही दाखवता का? चांगला क्रेनवाला रागावत नाही. काकाजींना मी विचारलं तर त्यांचा चेहरा खुलला, आणि वही दाखवताना प्रत्येक खूण समजावून सांगितली.

आणि बाद केलेला दोर पुन्हा कोणाच्या क्रेनवर जाऊ नये म्हणून त्याचे तिथंच तुकडे करतात, हेही मला त्यांनीच सांगितलं. मला मिळालेला वीतभर तुकडा त्यातलाच.

डोळ्यांच्या मर्यादाही आहेत, त्या लपवून चालणार नाही. पोलादी गाभ्याच्या दोरात आतल्या तारा बाहेरच्यांच्या आधी तुटू शकतात, आणि बाहेरून कापूस काय, भिंगही काही सांगत नाही. त्यासाठी चुंबकीय तपासणी आहे. दोराला चुंबकाच्या कड्यातून नेतात. धातू कुठं कमी झाला किंवा तार कुठं तुटली की तिथं चुंबकत्व बाहेर गळतं आणि कागदावरच्या रेषेत शिखर उमटतं. खाणींचे आणि रोपवेचे दोर असे तपासतात. चिखलदऱ्याला गोराघाट आणि हरिकेन पॉइंट यांच्यामधला तो सुमारे ४०७ मीटरचा स्कायवॉकही पोलादी दोरांच्याच आधाराचा, त्यामुळे हा विषय आता सातपुड्याच्या कड्यापर्यंत पोचलाय.

आता माझ्या डोक्यात एकच आहे. चाळीसगावला भारत वायर रोप्सचा कारखाना आहे, बडनेरा-अकोल्याच्याच रेल्वेमार्गावर, भुसावळच्या पुढं. तिथं पेड वळताना, वाखाचा गाभा आत जाताना आणि सहा पेड त्याच्यावर मिटताना पाहायचंय. परवानगीचा अर्ज लिहून ठेवलाय, सोबत काकाजींचंही नाव घातलंय. त्यांनी आयुष्यभर दोर म्हातारा होताना पाहिला, जन्मताना कधी पाहिलेला नाही. विचारलं तेव्हा ते लगेच म्हणाले, “मंग कायले थांबता? पावसाच्या पह्यलेच जाऊ.”